राहीचा अठरावा प्रश्न

रविवार, १६ नोव्हेंबर १९५८

आज बायकोवर — राहीवर — उगीच ओरडलो. लिहून ठेवतो, कारण चूक माझी होती आणि ती कशी झाली हे मला अजून कळलेले नाही.

खाडीच्या बांधावरून आलो. तिने रोजच्याप्रमाणे घंगाळात पाणी काढून ठेवले होते. खारा चिखल नखांत बसतो, तो ऊन पाण्याशिवाय सुटत नाही — पंचवीस वर्षांची रीत. डावा पाय घातला. म्हणालो, "कोमट दिलंस! चूल विझली काय?"

"कढत हाय. बोट घालून बघितलाय मी."

"मला शिकवू नको," म्हणालो, आणि उजवा पाय घातला — आणि किंचाळलो! शेजारची आवडाबाई धावत आली.

घंगाळ एक, पाणी एक. उजव्याला कढत, डाव्याला कोमट. हे कसे?

सोमवार, १७ नोव्हेंबर

डाव्या पावलावर तीन फोड. मोठा रुपयाएवढा. दाबून पाहिला — दाबल्याचे कळते, दुखत नाही. सुई टोचली. रक्त आले. टोचल्याचे नाही कळले.

आता सगळे नीट मांडतो. गेल्या शिमग्यापासून उजवी वहाण चालताना गळते. घरापासून उघाडीपर्यंत — बांधातल्या पाण्याच्या दारापर्यंत — पूर्वी ६४० पावले. आज मोजली — ८१५. वाट वाढलेली नाही. पाऊल आखूड झाले आहे. उजवा पाय अधू म्हणून म्हसळ्याच्या हाडवैद्याने तीन महिने उजव्यालाच तेल चोळले, ओढले, बांधले. डावा पाय मी चांगला धरून चाललो होतो. तोही खोटा निघाला!

रविवार, २३ नोव्हेंबर

बांधावर पडलो. उघाडीच्या फळ्या वर ओढून वळलो आणि उजवा गुडघा वाकला तो सरळ होईना. चिखलात बसलो. पलीकडच्या शेतात कोंडाजी पेंढा बांधत होता. त्याने पाहिले. उभा राहिला. आला नाही. मीही हाक मारली नाही.

नऊ वर्षे आम्ही बोलत नाही. एकोणपन्नासच्या पावसात उघाडीच्या फळ्या अडकल्या, आतले पाणी घरांच्या जोत्याला लागले. मी बांध फोडला — कोंडाजीच्या शेताशी. पाणी खाडीत गेले, चाळीस घरे वाचली; पण पुढच्या भरतीला खाडी त्याच्या शेतात आली. मिठाने जमीन करपली. तीन वर्षे भात नाही. विचारायला वेळ नव्हता, असे मी सगळ्यांना सांगत आलो.

उठलो कसा — फळी धरून. घरी सांगितले नाही. धोतराला चिखल म्हणून राहीने विचारले, तर म्हणालो खेकडा धरत होतो.

गुरुवार, ४ डिसेंबर

अलिबागेस डॉक्टरांना दाखवले. त्यांनी गुडघ्यावर रबरी हातोडी मारली, उजवा पाय लाथ मारल्यासारखा उडाला. तळव्याला किल्लीने ओरखडा काढला, अंगठा वर गेला. म्हणाले, "पायात काही नाही. दोष मणक्यात असावा. मुंबईला जा. लवकर."

पायात काही नाही! आणि मी तीन महिने पायाला तेल पाजले. बांधाच्या आतल्या अंगाला पाणी पाझरताना दिसते म्हणून नवखा माणूस तिथेच चिखल थापत बसतो. बीळ असते बाहेरच्या अंगाला, खाडीकडे, दिसते त्यापासून दहा हात दूर. हाताखालच्या पोरांना हे सांगून माझा घसा बसला आहे. स्वतःच्या बाबतीत मीच आतून चिखल थापत बसलो.

वाचनालयातून शरीररचनेचे पुस्तक आणले. मी एकही इयत्ता शिकलेलो नाही. मिठाच्या गोण्यांवरची अक्षरे गिरवून वाचायला शिकलो, आणि आज सरकारी परिपत्रक आले की पंच माझ्याकडेच आणतात. तेव्हा हेही वाचता येईल. मणके : मानेचे सात, छातीचे बारा, कमरेचे पाच. राहीच्या पाठीवर बोट ठेवून मोजून पाहिले. ती हसायला लागली, "बांधाचा माप घेताव काय?"

चौदापर्यंत मोजले. पुढे तिने मोजू दिले नाही.

शुक्रवार, १२ डिसेंबर. मुंबई

रेवसहून लाँचने आलो. राही बरोबर आहे. तिच्या चुलतभावाच्या खोलीवर उतरलो.

इस्पितळात मोठे डॉक्टर टिपणीस म्हणून आहेत. बोलणे तुटक. दोन काचनळ्या आणल्या, एकीत ऊन पाणी, एकीत गार. डोळे मिटायला लावले आणि डाव्या पायाला एकेक लावून विचारायचे, "गरम की गार?" मला काहीच कळेना. कळेना म्हणायची लाज वाटली, म्हणून अंदाजाने सांगत गेलो. सहापैकी चार चुकले. टिपणीस म्हणाले, "म्हात्रे, अंदाज नको. कळत नसेल तर कळत नाही म्हणा. तुमच्या अंदाजावर मी पाठ कापू का?"

बरोबर बोलले. राग आला, पण बरोबर बोलले.

सोमवार, १५ डिसेंबर

आज पाठीत सुई घालून तेलासारखे जड औषध सोडले आणि मला टेबलाला बांधून टेबल तिरपे केले. औषध पाठीच्या कण्यातून सरकते आणि फोटोत दिसते. जिथे अडते तिथे अडथळा.

मी म्हणालो, "साहेब, आम्ही पाण्यावर भाताचा कोंडा टाकतो. कोंडा तरंगत जातो, आणि बांधात बीळ असेल तिथे गरगरतो. तसेच हे."

ते प्रथमच माझ्याकडे नीट पाहून म्हणाले, "तसेच हे."

डोके भयंकर दुखते. एवढेच पुरे.

बुधवार, १७ डिसेंबर

कोंडा गरगरला! छातीच्या सातव्या मणक्याशी. आत गाठ आहे. ती मज्जारज्जूला उजव्या अंगाने दाबते. म्हणून उजव्याची ताकद गेली आणि डाव्याची ऊन-गार, टोचणी कळायची गेली. ताकदीचे तंतू त्याच बाजूने जातात, ऊन-गार कळायचे ओलांडून पलीकडे जातात. घंगाळाचा उलगडा एका वाक्यात झाला.

टिपणीस म्हणाले, "काढावी लागेल. सही करा, बाकीचे आमच्यावर सोडा."

कागद इंग्रजीत. मी खिशातून माझा कागद काढला. काल दिवसभर पडून सतरा प्रश्न लिहिले होते.

"हे काय? माझी परीक्षा घेता काय?"

म्हणालो, "साहेब, बांधावर कुदळ घालायच्या आधी मी चार ठिकाणी काठी खुपसून बघतो. तुम्ही माझ्या पाठीवर कुदळ घालणार. मी निदान विचारून तरी बघतो."

त्यांचा सहायक हसला. टिपणीस हसले नाहीत, पण खुर्ची ओढून बसले. दार लावून घेतले. एक तास झाला. मी सगळे लिहून घेतले.

नाही काढली तर? — वर्षाच्या आत दोन्ही पाय, मग लघवीवरचा ताबा. थांबलो तर? — दर महिन्याला जे जाते ते परत येण्याची आशा कमी. गाठ वाईट जातीची आहे का? — फोटोवरून सांगता येत नाही. वाढ सावकाश आहे, म्हणून बहुधा नाही. 'बहुधा' म्हणजे किती? — "बहुधा म्हणजे बहुधा, म्हात्रे."

तुमच्या हातून अशी किती झाली? त्यांनी बोटांवर मोजले. मग म्हणाले, अकरा. सात चालतात, त्यांतले दोघे काठी घेऊन. दोघे होते तसेच राहिले. एकाचे पाय होते तेही गेले. एक टेबलावरून उठलाच नाही.

सात, दोन, एक, एक. बेरीज बरोबर.

विचारले, "अकराही जणांची गाठ माझ्यासारखीच होती का?"

"नाही. चौघांची वेगळ्या जातीची." आणि पुढे, "हे मला कुणी विचारले नव्हते."

टेबलावर मेला तो अडुसष्ट वर्षांचा, दम्याचा. मी एकोणपन्नासचा, विडी सोडून सहा वर्षे झाली. म्हणजे माझा हिशेब थोडा बरा. थोडाच.

कागद घरी न्यायला मागितला. सहायकाने त्याचे मराठी सांगितले, ते मी मागच्या बाजूला लिहून घेतले. खाली जवळच्या नातेवाइकाची सही किंवा अंगठा लागतो.

बाहेर राही बाकड्यावर बसली होती. लाँचची वेळ झाली होती.

शनिवार, २० डिसेंबर. घरी

दोन दिवस विचार केला. कच्चा नव्हे, पक्का.

एका बाजूला नक्की जाणारे पाय. दुसऱ्या बाजूला अकरातले सात. गाठ आज आहे तेवढी उद्या नसणार, मोठी असणार. बीळ सापडल्यावर, भरती यायची आहे हे ठाऊक असताना, बसून राहणारा माणूस बांधाचा मुकादम नव्हे.

करायचे. माझ्यापुरते ठरले.

रविवार, २१ डिसेंबर

राही सुपात सुकट निवडत होती. समोर कागद ठेवला, शाईची डबी ठेवली. म्हणालो, "इथे अंगठा दे."

"कसला कागूद?"

"इस्पितळाचा. पाठीतली गाठ काढतात. पंधरा दिवसांचे काम. किरकोळ."

तिने सूप बाजूला ठेवले. हात पदराला पुसले. अंगठा पुढे केला, मी डबी धरली — आणि तिने हात मागे घेतला.

"त्या दिशी घंटाभर आत होताव. मी बाकड्यावर. भायेर येऊन मना काय बोल्लाव? 'चल, लाँच सुटेल.' किरकोळीला घंटा लागतो?"

मी कागद सरळ केला.

"डाक्टरनं सगळा सांगितल्याबिगर तुमी सही देत नाय. आन् मी अंगठा द्यायचा — न सांगता?"

"तू घाबरशील म्हणून —"

"कोंडाजीदादाला पन असाच घाबरू दिला नाय तुमी!"

आवाज चढवला नव्हता. सूप पुन्हा मांडीवर घेतले आणि सुकट निवडायला लागली. शाईची डबी उघडीच राहिली.

रविवार, २१ डिसेंबर, दुपारी

खरे काय ते लिहितो. एकोणपन्नास साली वेळ होता. अर्धा तास तरी होता. कोंडाजीचे घर उघाडीपासून दोनशे पावलांवर. मी गेलो नाही, कारण तो नाही म्हणाला असता, आणि मग मला त्याच्याशी वाद घालावा लागला असता. माझे बरोबर आहे याची मला खात्री होती. बरोबर होतेही. तरी शेत त्याचे होते.

सोमवार, २२ डिसेंबर

राहीला सतराही उत्तरे वाचून दाखवली. सावकाश. दोनदा. अकराचा हिशेब तिला सुपात सुकटीचे अकरा तुकडे मांडून दाखवला. सात इकडे. दोन इथे. एक. एक.

'टेबलावरून उठला नाही' तो तुकडा तिने उचलला. परत सुकटीच्या ढिगात टाकला. दुसऱ्या एकट्या तुकड्यावर मात्र बोट ठेवले.

"ह्याचं पाय गेलं. तो आता कुठं हाय?"

"ते नाही विचारले."

"त्याला उठवतं कोन? बसवतं कोन?"

"नाही विचारले."

"सतरा इचारलंव आन् ह्यो नाय!"

मी प्रश्नांचा कागद पुन्हा पाहिला. सतराही प्रश्न मी उभा राहीन की नाही याचे. उभा राहिलो नाही तर पुढच्या दिवशी सकाळी काय, याचा एकही नाही. एवढी चूक बांधाच्या कामात कुणी केली असती तर त्याला मी घरी पाठवले असते.

खाली लिहिला. प्रश्न अठरावा. पुढे कंसात — राहीचा.

शुक्रवार, २६ डिसेंबर

पौर्णिमेचे उधाण. दुपारी बाराला पाणी उघाडीवरच्या खुणेला टेकले. फळ्या घट्ट. ओहोटी लागल्यावर काठी टेकत कोंडाजीच्या घरी गेलो. दोनशे पावले, मला दोनशे साठ झाली.

तो ओटीवर कोयता घासत होता. उठला नाही. म्हणालो, "मुंबईस पाठ कापून घ्यायला जातो. दोन महिने नसेन, किंवा मुळीच नसेन. उघाडी कोण बघेल असे पंचांनी विचारले. मी तुझे नाव सांगणार आहे. पण आधी तुला विचारायला आलो."

कोयता थांबला.

"इचाराया आलास! नव वर्सां लागली तुला दोनशे पावलां चालाया."

"हो."

"आन् मी नाय बोललो तं?"

"तर नाही. दुसरे नाव बघेन."

त्याने धारेवरून बोट फिरवले. मग आत तोंड करून बायकोला हाक दिली, "मनुबाय, च्या टाक. मुकादम बसलंय." आणि मला म्हणाला, "डावीकडली तिसरी फळी फुगते, म्हाईत हाय मना. नव वर्सां बांधाच्या ह्या अंगानं तुझ्या चुका मोजतंय मी. तूच एकटा मोजनारा न्हवंस."

चहा गूळ घालून होता. प्यालो.

येताना तो बरोबर आला, चिखलाच्या जागी हात पुढे केला. मी धरला नाही. पुढच्या चिखलाला धरला.

रविवार, ४ जानेवारी १९५९. मुंबई

इस्पितळात दाखल. खाट नंबर एकवीस, खिडकीपासून तिसरी.

बुधवार, ७ जानेवारी

टिपणीस खाटेशी आले. मी काही बोलायच्या आत राही पदर सावरून उभी राहिली.

"डाक्टरसाहेब, तो एक — ज्याचं पाय गेलं — तो कुठं हाय आता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "प्रश्न अठरावा. माझा नव्हे, तिचा."

ते राहीकडे वळले. मग खरे ते बोलले. साताऱ्याकडचा होता. घरी नेला. चार महिन्यांनी वारला. एकाच कुशीवर पडून पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या. "पायांनी नाही मेला, बाई. जखमांनी मेला."

"त्याच्या घरच्यांना कुनी शिकवला नवता?"

"नाही," टिपणीस म्हणाले. "घाईत राहून गेले."

"मंग मना आधी शिकवा. अंगठा मागनं."

शेजारच्या खाटेवरला खोकला दाबून बसला. टिपणीसांनी मान हलवली आणि सिस्टर फिलोमिनाला बोलावले. ही वसईची. मराठी आमच्यासारखीच बोलते.

शुक्रवार, ९ जानेवारी

मी अजून काठीने चालतो, आणि मला दिवसातून चार वेळा मढ्यासारखा पडायला लावतात! राही एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली घालते आणि मला ओंडक्यासारखा वळवते. चुकून पायाने जोर दिला की ओरडते, "पाय आनू नका मदतीला! नायत तुमाला पाय, समजा!"

सिस्टर म्हणते, दर दोन तासांनी कूस. गुडघ्यांच्या मध्ये उशी. टाचा अधांतरी. पुसले की कोरडे करायचे, मग स्पिरिट. पाणी नेहमी कोमट घ्यायचे, कारण पेशंटला कळत नाही आणि पोळते. राहीने माझ्या डाव्या पावलावरचा डाग सिस्टरला दाखवला. "म्हाईत हाय," म्हणाली.

पहिल्या दिवशी तिला मला वळवायला मिनिटभर लागले. आज वॉर्डाच्या घड्याळात अकरा सेकंद.

लाज वाटली. मग लाज गेली. आता नुसते काम आहे.

रविवार, ११ जानेवारी

उद्या.

कागदावर 'आवश्यक ते कोणतेही ऑपरेशन' असे आहे. 'कोणतेही' या शब्दावर मी अडलो होतो. खोडून 'सातव्या मणक्याजवळची गाठ काढणे' एवढेच लिहा, म्हणालो. टिपणीस म्हणाले, "उघडल्यावर आत वेगळेच दिसले तर? तुम्हाला उठवून विचारू?"

यावर रात्री नव्हे, सकाळी शांतपणे विचार केला. बांध एकदा खणला की पाण्यात उभा असलेल्याने ठरवायचे असते. तेव्हा बैठक भरवता येत नाही. बैठक आधी भरवायची. ती आम्ही भरवली. तेव्हा 'कोणतेही' राहू दिले, आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिले — 'आत वेगळे दिसल्यास डॉक्टरांनी ठरवावे. मी जागा झाल्यावर मला व माझ्या बायकोस काय केले ते खरे सांगावे.' टिपणीसांनी त्याखाली सही केली. तशी रीत नाही म्हणे. केली तरी.

मी सही केली. बाबाजी पोशा म्हात्रे. एकही काना वाकडा नाही.

राहीने अंगठा दिला. सिस्टरने शाई पुसायला कापूस दिला तर घेतला नाही. "राहू दे. उद्यापर्यंत."

भीती आहे. नाही असे लिहिणार नाही. पण भीती कशाची आहे ते मला नेमके माहीत आहे, आणि ही वेगळी भीती. ती माणसाला बसवून ठेवत नाही.

शुक्रवार, १६ जानेवारी

उताणा. पेन्सिलीने. अक्षर वाईट.

गाठ निघाली. सगळी. वाईट जातीची नाही.

उजवा पाय — नाही. डावा पाय — नाही. आधी डाव्यात ताकद होती, आता तीही नाही.

रविवार, १८ जानेवारी

टिपणीसांनी ठरल्याप्रमाणे सांगितले. दोघांनाही, खुर्चीवर बसून. मज्जारज्जूला सूज आहे. सूज उतरली तर ताकद परत येईल. "कधी?" — "माहीत नाही." "येईल का?" — "तेही माहीत नाही."

आधीचा असतो तर या उत्तरावर चिडलो असतो. आता हे उत्तर मला इतरांपेक्षा मोलाचे वाटते. अंदाज नको, कळत नसेल तर कळत नाही म्हणा — त्यांनी मला सांगितले होते, त्यांनी पाळले.

गाठ बघायला मागितली. बाटलीत आणली. भुईमुगाच्या शेंगेएवढी. राहीकडून दोरा धरवून मापली. सव्वा इंच! एवढ्याशा गोष्टीने मला ६४० ची ८१५ करायला लावली.

मंगळवार, २० जानेवारी

काही नाही. कूस बारा वेळा. पाठीला लाली नाही.

रविवार, २५ जानेवारी

कोंडाजीचा निरोप आला, मासळीच्या लाँचवरल्या माणसाकडून. पौर्णिमेचे पाणी खुणेच्या दोन बोटे खाली राहिले. तिसरी फळी त्याने काढून तासली. "मुकादमाला सांगा, नीट बसली आता. नाय इचारता तासली, म्हनून रागवू नको म्हनावा."

हसलो. टाके ओढले गेले.

शेजारच्या खाटेवरला विचारतो, "म्हात्रे, पश्चात्ताप होतो का हो? चालत आला होतात." त्याला सांगितले — मी जे पत्करले ते मला आधीच दाखवले होते. अकरातला हा एक तुकडा मी माझ्या सुपात पाहिलेला आहे. फसवून घातलेला नाही. मी कुणाला शिव्या देऊ?

तो म्हणाला, "तुम्ही दगड आहात."

दगड नाही. संध्याकाळी राही कपडे वाळत घालायला गेली तेव्हा पांघरूण तोंडावर घेतले होते. तेही लिहून ठेवतो. नोंद अर्धवट नको.

गुरुवार, २९ जानेवारी

काही नाही. राहीचा हात आता घड्याळ न बघता दोन तासांनी येतो. सिस्टर म्हणाली, "माझ्या नर्सांना हिच्याकडे शिकायला पाठवते." राही म्हणाली, "पाठव. मी पन सतरा परस्न इचारीन त्यांना."

घरी गेल्यावर काय, ते आम्ही बोलून ठेवले. ओटीची पायरी काढून उतार करायचा. खाट खिडकीशी, म्हणजे उघाडी दिसेल. भरती-ओहोटीचा तक्ता मी बसून करीन, फळ्या कोंडाजी उचलील. माणूस बसूनही मुकादम राहू शकतो. ठरले.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

सकाळी राही पाय पुसत होती. मी वही बघत होतो. एकदम तिच्यावर ओरडलो, "पाणी एवढं गार का घेतलंस!"

तिचा हात थांबला. पंचा डाव्या पावलावर होता.